कुंडीशेजारी कुंडी: गॅलरीत कोणाला कोणाजवळ ठेवायचं?

नव्याने झाडं लावणारे दोन प्रश्न हमखास विचारतात: पाणी किती घालायचं आणि ऊन किती लागतं. ही कुंडी त्या कुंडीला चिकटून ठेवली तर काय होईल, हे सहसा कोणी विचारत नाही. मुंबईत खरं तर तो पहिला प्रश्न असायला हवा. खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळस, कढीपत्ता, मोगरा, मिरची, पुदिना आणि कोणीतरी भेट दिलेला मनीप्लांट अशी सगळी मंडळी खांद्याला खांदा लावून उभी असतात. मग तक्रार येते, की खत घालतोय, पाणी घालतोय, तरी मिरचीला फुटवेच येत नाहीत, नुसतीच उंच चाललीय.

मिरचीला शेजारी कळलाय, एवढंच झालंय.

झाडं एकमेकांशी बोलतात हे तुम्ही बऱ्याचदा ऐकलं असेल. त्यातला गोडवा बाजूला ठेवला तर शेजारच्या झाडाची खबर लागण्याच्या मुख्य वाटा तीन: उजेड, हवा आणि माती. शेतात आणि जंगलात तिन्ही चालू असतात. आपल्या गॅलरीत प्रत्येक रोप आपापल्या कुंडीत कोंडलेलं असल्यामुळे मातीची वाट बंद, हवेची अर्धवट उघडी आणि उजेडाची मात्र सताड उघडी. म्हणून नवख्याने आधी उजेड, मग हवा आणि शेवटी माती, या क्रमाने कामाला लागावं. आंतरजालावर ‘टोमॅटोशेजारी तुळस लावा, गाजराशेजारी कांदा लावा’ असे तक्ते फिरतात, ते तूर्त बंद करून ठेवा. ते बहुतेक परदेशी हवेतल्या, जमिनीवरच्या वाफ्यांसाठी केलेले असतात. आपल्या सातव्या मजल्यावरच्या ग्रिलला त्यातलं फारसं काही लागू पडत नाही.

पहिली पायरी: ऊन कुठून येतं आणि मध्ये कोण उभं आहे

हिरवं पान उन्हातला लाल रंग खाऊन टाकतं. त्याच्या पलीकडचा गडद लाल, जो आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, तो मात्र पानाच्या कामाचा नसतो. पान तो परत फेकतं किंवा आरपार जाऊ देतं. उघड्या उन्हात हे दोन्ही रंग जवळपास सारख्या प्रमाणात असतात, पण दाट पानांच्या खाली किंवा शेजारी गडद लालाचं प्रमाण वाढतं. रोपात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते नेमकं हेच प्रमाण मोजतं. गडद लाल वाढला म्हणजे जवळपास दुसरं हिरवं आहे. मग रोप आपली शिल्लक उंचीवर खर्च करतं: पेरं लांबवतं, बाजूचे फुटवे दाबून ठेवतं, पानं वर उचलतं आणि पुष्कळदा लवकर फुलावर येतं.

यातली गंमत अशी, की सावली पडायच्या आधीच रोपाला हे कळतं. १९९० मध्ये अर्जेंटिनातल्या कार्लोस बायारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतरा आणि मोहरीच्या कोवळ्या रोपांवर हे दाखवून दिलं. शेजारी रोपं होती, पण त्यांची सावली पडत नव्हती, तरी खोडं लांबली. मग त्यांनी खोडाभोवती मोरचुदाच्या निळ्या द्रावणाचं कडं बसवलं. मोरचूद गडद लाल शोषून घेतो. कडं बसवल्यावर शेजारी तेच असूनही खोडांचं ते लांबणं मंदावलं. म्हणजे ‘माझ्या रोपावर सावली तर पडत नाही ना’ एवढं बघून भागत नाही. अंगाशी हिरवी गर्दी किती आहे, तेही बघावं लागतं.

आता आपल्या घराकडे या. मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आत खोलवर येतं. मेच्या मध्याला तो डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. जी गॅलरी थंडीत उन्हाने न्हाऊन निघते, तिच्या आतल्या निम्म्या भागात मे महिन्यात ऊन पोचतही नाही, कारण वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो. म्हणून कुंड्यांची मांडणी एकदाच करून भागत नाही. वर्षातून निदान दोनदा, दिवाळीनंतर आणि मेच्या सुरुवातीला, ती बदलायची.

मांडणीचा नियम सोपा आहे. ऊन ज्या बाजूने येतं तिकडे बुटकी रोपं, त्यामागे उंच. ग्रिलमध्ये उजेड फक्त बाहेरून येतो, तेव्हा मेथी, पुदिना, मिरचीची लहान रोपं बाहेरच्या कडेला. कढीपत्ता आणि जास्वंद खोलीच्या बाजूला किंवा दोन टोकांना. दोन रोपांची पानं एकमेकांना लागता कामा नयेत. निदान वीतभर मोकळी जागा हवी. जागाच नसेल तर एक कुंडी कमी करा, हा सल्ला कोणालाही आवडत नाही, पण त्याच्याइतका गुणकारी दुसरा नाही.

मागे अंधारात कोण ठेवायचं? मनीप्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली. ही मुळात सावली सोसणारी झाडं. शेजाऱ्याची चाहूल लागली म्हणून ती उंचीच्या शर्यतीत उतरत नाहीत. टोमॅटो, मिरची, झेंडू, सूर्यफूल मात्र उघड्यावरचे गडी. त्यांना गर्दी सोसत नाही.

आणि जिथे तुम्हाला उंच, बिनफांद्यांचं, कोवळं खोडच हवंय, तिथे गर्दी मुद्दाम करा. मेथी, कोथिंबीर, राजगिरा दाट पेरायचा आणि कोवळा असतानाच खुडायचा. ताग आणि अंबाडी धाग्यासाठी पिकवणारे शेतकरी हेच करतात: दाट पेरणी, म्हणजे फांद्या कमी आणि धागा लांब.

शेजारी नेहमीच वैरी असतो असंही नाही. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उन्हात पश्चिमेच्या गॅलरीतल्या काळ्या ग्रोबॅग हाताला चटका लागेल इतक्या तापतात, आणि मुळं आतल्या आत भाजतात. अशा वेळी कुंड्या बुडाशी जवळ आणाव्यात, म्हणजे एकीची सावली दुसरीच्या मातीवर पडते, ओल टिकते आणि पानांभोवतीची हवाही थोडी दमट राहते. बुडाशी जवळ आणि शेंड्याशी मोकळं, हे कसं जमवायचं? उंच रोपं विटेवर किंवा स्टँडवर चढवून. पाने वरच्या पातळीवर जातात, कुंड्या एकमेकींच्या आडोशाला राहतात.

घरच्या घरी पडताळा

एवढ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. श्रीखंडाचे दोन रिकामे डबे घ्या, बुडाला भोकं पाडा, एकच माती भरा आणि फोडणीच्या डब्यातली मोहरी पेरा. दोन-तीन दिवसांत उगवते. प्रत्येक डब्यात चार-पाच रोपं ठेवून बाकीची उपटून टाका, नाहीतर ती एकमेकांनाच शेजारी समजतील. हिवाळ्यात गच्चीवर किंवा दक्षिणेच्या कठड्यावर एक डबा एकटा ठेवा. दुसऱ्याच्या उत्तरेला दोन-तीन घनदाट पानांच्या कुंड्या अगदी लगटून ठेवा. ऊन दक्षिणेकडून येत असल्यामुळे त्यांची सावली डब्यावर पडणार नाही, पण पानांवरून उलटलेला गडद लाल पडेल. पाणी दोघांना सारखं. दोन-तीन आठवड्यांनी पट्टी घेऊन जमिनीपासून पहिल्या खऱ्या पानापर्यंतचं (उगवताना येणारी दोन पानं सोडून पुढचं) खोड मोजा. शेजारी असलेल्या डब्यातली रोपं सहसा जास्त उंच आणि काटकुळी निघतात. शाळेतल्या मुलांना हे करायला द्या, आवडीने करतात.

दुसरी पायरी: वास घ्यायला शिका

हिरवळ कापली की जो ताजा वास येतो, तो म्हणजे जखमी पानांनी सोडलेली रसायनं. शेजारच्या झाडाला त्यांची खबर लागते का, हा प्रश्न १९८३ मध्ये गाजला. अमेरिकेत इयन बाल्डविन आणि जॅक शुल्त्झ यांनी पॉप्लर आणि मेपलच्या रोपांवर, तर डेव्हिड ऱ्होड्स यांनी विलोवर प्रयोग करून सांगितलं, की जखमी झाडाशेजारची धडधाकट झाडंही पानांत कडवट, किड्यांना नकोशी द्रव्यं वाढवतात. पुष्कळांनी तेव्हा नाकं मुरडली. १९९० मध्ये एडवर्ड फार्मर आणि क्लॅरन्स रायन यांनी बंद बरणीत टोमॅटोशेजारी सेजब्रश नावाच्या झुडपाच्या फांद्या ठेवल्या. त्यातून उडणाऱ्या मिथाइल जास्मोनेट या द्रव्याने टोमॅटोच्या पानांत किड्यांचं पचन बिघडवणारी प्रथिनं वाढली. आणि २०२३ मध्ये जपानच्या सायतामा विद्यापीठात मासात्सुगू टोयोटा यांच्या गटाने तर हे चित्रितच केलं: जखमी पानांची हवा सोडली की शेजारच्या रोपाच्या पानांत कॅल्शियमची लाट उजळत जाते, म्हणजे त्याला खबर लागल्याची खूण.

मग आपल्या गॅलरीत याचा उपयोग किती? अंतराचा हिशेब बघा. उघड्या माळावरच्या सेजब्रशमध्ये हा निरोप साधारण ६० सेंटिमीटरपर्यंतच पोचताना दिसला. समुद्रावरचं वारं अंगावर घेणाऱ्या गॅलरीत तो कितपत टिकेल, विचार करा. तेव्हा एका झाडाला कीड लागली म्हणजे बाकीची आपोआप सावध होऊन वाचतील, या भरवशावर राहू नका. कीड स्वतःच त्या निरोपापेक्षा लांबवर पोचते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला, की मुंग्या त्याची पिल्लं उचलून शेजारच्या कुंडीत नेऊन बसवतात. म्हणून जास्वंद एकटी ठेवावी. तिची फांदी दुसऱ्या कोणाला लागता कामा नये. टोमॅटो, मिरची आणि वांगं एकाच घराण्यातले, पांढरी माशी तिघांवर सारखीच फिरते आणि चुरडामुरडा एकावरून दुसऱ्यावर जातो. या तिघांना एका रांगेत बसवण्याची हौस अनेकांना असते. मध्ये तुळस, गवती चहा किंवा पानओवा घाला. वासाने माशी पळते असा माझा दावा नाही, पण माशीला एका यजमानावरून दुसऱ्यावर जायला मध्ये अंतर पडतं, हेही कमी नाही.

हवेतल्या निरोपाचा दुसरा उपयोग जास्त खरा आहे. अळीने कुरतडलेलं मक्याचं पान असा काही वास सोडतं, की त्या अळीवर जगणारी गांधीलमाशी तिथे येते. हेही १९९० मधलंच काम. गॅलरीतही परोपजीवी माश्या, लेडीबग भुंगेरे, कोळी येतात, पण त्यांना थारा मिळाला तर. थोडा मावा दिसला की लगेच जहाल औषध मारलंत, तर आलेला पाहुणाही मरतो. आधी पाण्याचा फवारा, मग हाताने पुसणं, मग कडुनिंबाचं तेल. कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अळ्या आल्या, तर दोन फांद्या त्यांच्या नावाने सोडून द्या, झाड काही मरत नाही.

एक वायू मात्र घरात आपणच आणतो. पिकणारं फळ इथिलीन सोडतं. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबोव्ह यांच्या प्रयोगशाळेत वाटाण्याचे कोंब वाकडेतिकडे वाढत होते. दिव्याच्या वायूतून गळणारं इथिलीन त्याला कारण निघालं. आपल्याकडे मे महिन्यात हापूसची पेटी गॅलरीतच येते, बाकाखाली गवतात. गॅलरी काचा लावून बंद केलेली असेल आणि तिथेच ऑर्किड फुललं असेल, तर फुलं वेळेआधी मान टाकतात. पेटी स्वयंपाकघरात हलवा, किंवा ऑर्किड.

तिसरी पायरी: एकाच पेटीत लावत असाल तरच मातीचा विचार

लांबट पेटी, मोठी ग्रोबॅग, गच्चीवरचा वाफा किंवा सोसायटीच्या कंपाउंडमधला पट्टा असेल, तर मुळं एकत्र येतात आणि गोष्ट बदलते. एका झाडाने मातीत सोडलेल्या रसायनांमुळे दुसऱ्याची वाढ खुंटते, या प्रकाराला हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये नाव दिलं: ॲलिलोपथी. ज्वारीची मुळं हे करतात. कंपाउंडच्या भिंतीशी उगवणारं गाजरगवतही करतं. गाजरगवत फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून उपटा आणि बी धरलेलं कधीही खतात टाकू नका.

झेंडू यातला भला माणूस. त्याच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमींना (मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींना) मारक असतात, म्हणून टोमॅटोच्या मुळांना गाठी येत असतील त्या मातीत एक हंगाम नुसता झेंडू दाट लावावा. टोमॅटोच्या कडेला एक रोप शोभेला लावून हा फायदा मिळत नाही, झेंडू भरगच्च आणि काही महिने हवा. शेतात टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावायची शिफारस असते, ती वेगळ्या कारणासाठी: फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूच्या फुलांकडे ओढला जातो. दसऱ्याला तोरणातला झेंडू सुकला की तो चुरून मातीत टाकतातच सगळे. रोपं फुकट मिळतात.

पुदिना कोणाबरोबरही पेटीत लावू नये. तो जमिनीखालून धावतो आणि एका पावसाळ्यात सगळी पेटी ताब्यात घेतो. चवळी किंवा वाल शेजाऱ्याला नत्र देतात हे खरं, पण उभ्या वेलाकडून फारसं मिळत नाही. शेंगा निघाल्यावर वेल मुळासकट उपटू नका, मातीलगत कापा. मुळांवरच्या गाठी कुजल्या की पुढच्या पालेभाजीला ते नत्र मिळतं. वांगं काढलं त्या मातीत लगेच टोमॅटो लावू नये, मर रोग मातीत टिकून राहतो.

नर्सरीत मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडीने राहणाऱ्या बुरशीची, पावडर मिळते आणि तिच्यासोबत त्या बुरशीने जोडलेल्या झाडांच्या ‘जमिनीखालच्या जाळ्या’ची गोष्टही फुकट मिळते. १९९७ मध्ये कॅनडात सुझान सिमर्ड यांनी बर्च आणि डग्लस फर यांच्यात कार्बनची देवघेव होते हे दाखवलं, तिथून ही कल्पना पसरली. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी सगळे पुरावे तपासून म्हटलं, की जंगलातल्या या जाळ्यांबद्दल जे लोकप्रिय दावे केले जातात त्यांना मिळालेला आधार तोकडा आहे. ही बुरशी मुळाला स्फुरद मिळवून द्यायला मदत करते, त्यात वाद नाही. पण वेगवेगळ्या कुंड्यांत जाळं जुळणारच नाही. शिवाय मोहरी, मुळा, कोबी आणि पालक ही बुरशी जवळ करत नाहीत, त्यांच्या कुंडीत ती पावडर म्हणजे पैसे पाण्यात.

पिवळा धागा दिसला तर

अमरवेल हा शेजाराचा सर्वांत धीट प्रकार. सोसायटीच्या कुंपणावरच्या मेंदीवर किंवा ड्युरांटावर शेवयांसारखा पिवळा गुंता दिसतो, तोच. तिच्या कोंबाला मूळ नावापुरतं, पानं नाहीत. शिदोरी संपायच्या आत यजमान सापडला नाही तर ती मरते. कोंबाचं टोक हवेत गोल फिरत चाचपडत राहतं. २००६ मध्ये अमेरिकेत जस्टिन रन्यन, मार्क मेशर आणि कॉन्सुएलो डी मोराइस यांनी दाखवलं, की ते टोक टोमॅटोच्या नुसत्या वासाकडेही वळतं, आणि टोमॅटो व गहू दोन्ही असले तर टोमॅटोच निवडतं. एकदा विळखा घातला, की शोषकं खोडात घुसतात. नुसता धागा ओढून काढलात तर तुकडा राहतो आणि पुन्हा वाढतो. यजमानाची ती फांदीच विळख्याच्या खालून कापा, पिशवीत बांधा आणि कचऱ्यात द्या. कंपाउंडमध्ये टाकू नका.

जे सोडून द्यायचं

२०२३ मध्ये तेल अवीवच्या संशोधकांनी तहानलेल्या टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांचे टकटक आवाज टिपले, माणसाच्या कानांच्या पल्याडचे. शेजारचं झाड ते ऐकून काही करतं, असं मात्र त्यांनी दाखवलेलं नाही. जगदीशचंद्र बोसांचं नाव अशा प्रत्येक दाव्याला चिकटवलं जातं; त्यांचे लाजाळूवरचे प्रयोग एकाच झाडाच्या आत धावणाऱ्या विजेच्या संदेशांचे होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, तेही एकमेकींना विचारून नव्हे. प्रत्येकीच्या आत वर्षांचं घड्याळ असतं. सख्खी भावंडं एका कुंडीत असली तर मुळांची हाणामारी कमी करतात, असं २००७ मध्ये सी रॉकेट या समुद्रकाठच्या रोपात दिसलं, पण त्यावरून एकाच पाकिटातल्या बिया कोंबून लावू नका.

जूनच्या पहिल्या आठवड्यात

पाऊस सुरू झाला की आठवड्याभरात पानं दुपटीने पसरतात आणि मेमध्ये आखलेली वीतभर जागा नाहीशी होते. शिवाय ढगांमुळे उजेड कमी, पानं दिवसभर ओली, आणि ओली पानं एकमेकांना लागली की बुरशीचे ठिपके एका कुंडीतून दुसरीत जातात. म्हणून मृगाच्या सुमारास पुन्हा एकदा सगळ्यांना लांब करा. उन्हाळ्यात बुडाशी जवळ आणलेल्या कुंड्याही सोडवा. तुळस आणि मिरचीचे शेंडे खुडा, उंचीची ओढ तिथेच तुटते आणि बाजूचे फुटवे सुटतात. मोगऱ्याची छाटणी मात्र थंडीच्या अखेरीला. ग्रिलच्या टोकावर ठेवलेल्या कुंड्या तारेने बांधा किंवा आत घ्या, जूनचं वारं त्या खाली रस्त्यावर आणतं. खालच्या बशा काढून टाका, त्यात पाणी साठलं की डासांच्या अळ्या होतात आणि पालिकेचे कर्मचारी तपासायला येतात तेव्हा पहिली नजर तिथेच जाते. बशा काढल्यावर पाणी खालच्या मजल्यावर ठिबकणार, तेव्हा खालच्या काकूंना वाळवण आत घ्यायला आधीच सांगून ठेवा.